एएमएलच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) केमोनंतर बाबांना धाप लागतेय, औषधाने हार्ट खराब झालं असेल का?

आधी ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन करा, मग हे वाचा. केमोचा दुसरा आठवडा, दोन दिवस धाप आणि कोरडा खोकला, आणि इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) तारीख परवाची आहे म्हणून तुम्ही खोलीवरच थांबलाय असं लिहिलंय, तर परवापर्यंत अजिबात थांबू नका. ताप शंभरच्या वर असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी घेऊन जा.

मी डॉक्टर नाहीये, पण धाकट्या भावाला एपीएल (एएमएलचाच एक प्रकार) झाला तेव्हा आठ महिने मीच त्याच्याजवळ होते, जे बघितलं आणि विचारून विचारून समजून घेतलं ते सांगते.

तुम्ही म्हणताय ते लाल इंजेक्शन डाउनोरुबिसिनचं असणार, तीन दिवस देतात आणि सोबत सायटाराबिन सात दिवस. त्याने हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो हे खरंय, पण ते बरंचसं आजवर एकूण किती डोस गेला त्यावर असतं, म्हणून इकोत ईएफ बघतात, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त पुढे ढकलतं ते, आणि ५० टक्क्यांच्या खाली गेली की डॉक्टर सावध होतात. कधी कधी त्रास कित्येक वर्षांनी दिसतो, त्यामुळे एकूण डोस डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

पण दुसऱ्या आठवड्यातली धाप हार्टचीच असेल असं नाही ना. पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, न्यूमोनिया होतो, बुरशीचं इन्फेक्शन होतं, आणि लढायला पेशीच नसल्याने साध्या एक्सरेत सुरुवातीला काही दिसत पण नाही, सीटी करावा लागतो. सलाईन आणि रक्ताच्या पिशव्या जास्त झाल्या तरी फुफ्फुसात पाणी साठतं.

भावाला एपीएलची औषधं, म्हणजे अट्राच्या कॅप्सूल आणि आर्सेनिकचं सलाईन चालू होतं. चार दिवसांत वजन ५८ चं ६३ झालं, आई खुश, म्हणाली खाल्लेलं अंगी लागतंय, मलाही तसंच वाटलं. संध्याकाळी रोजची चप्पल पायात जाईना, रात्री आडवा झाला की खोकला, शेवटी तीन उशा लावून बसूनच झोपला. सकाळी सिस्टरने वजनाचा कागद बघितला आणि धावत डॉक्टरांना बोलावून आणलं. डिफरन्सिएशन सिंड्रोम होता, कॅन्सरच्या पेशी औषधाने मॅच्युअर व्हायला लागल्या की बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून फुफ्फुसात आणि अंगात साठतं. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा लगेच चालू केलं म्हणून निभावलं. रात्रीच सिस्टरना उठून सांगायला हवं होतं, ती रुखरुख मला अजून आहे. (हा प्रकार जास्त करून एपीएलच्या औषधांचा, बाबांना तोच असेल असं मी म्हणत नाहीये, पण अंगात पाणी साठलं की वजन आधी बोलतं.)

बाबांचं वजन रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर करा आणि वहीत लिहा, रात्री किती उशा लागल्या तेही लिहा, आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. औषध मनाने बंद करू नका. फोन झाला की काय म्हणाले ते इथे सांगा, मी बघतेय.