पन्हाळा–पावनखिंड मोहिमेत पायाला फोड येऊ नयेत म्हणून काय करावं?

नवा बूट घालून पन्हाळ्यावर येऊ नका, पहिली चूक तीच. निदान तीन आठवडे आधीपासून तोच बूट, तेच मोजे घालून रंकाळ्याभोवती फेऱ्या मारा, एक-दोनदा जोतिबाचा चढ करा. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बुटात बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

फोड येतो तो ओल्या, मऊ पडलेल्या कातडीवर सतत घासलं गेल्यानं. आषाढातल्या चिखलात पाय कोरडे राहणार नाहीतच, म्हणून पावडरीपेक्षा पेट्रोलियम जेली बरी. सुती मोजे नकोत, पाणी धरून बसतात. आत पातळ नायलॉनचा, वर जाड लोकरीचा. घासणं मोज्या-मोज्यात होतं, कातडी वाचते.

टाच किंवा बोट चुरचुरलं की तिथंच थांबा. "पुढच्या वाडीत बघू" म्हणालात की फोड आलाच. पाय पुसा, कागदी चिकटपट्टीचे कोपरे गोल कापून सुरकुती न पडता लावा. सुरकुतीच पुढे कातडी कापते.

लहान फोड फोडू नका. मोठा, दुखरा असेल तर साबणानं धुऊन, स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं खालच्या कडेला टोचा. वरची कातडी काढू नका. मधुमेह असेल तर सुई लावूच नका, डॉक्टरकडे जा.