आईचं आजारपण, चुकणारी मिस्सा आणि कोरडी प्रार्थना

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अडीच वर्षं आई अंथरुणाला खिळलेली, तुमची नोकरी चालूच, चर्चमधली रविवारची मिस्सा (उपासना) सारखी चुकते, रोजरीची जपमाळ हातात घेतली की तिसऱ्या मण्यालाच डोळा लागतो. त्यात कुणीतरी ऐकवलं की देव तुमच्या विश्वासाची परीक्षा घेतोय. आता तुम्ही विचारताय की 'माझी श्रद्धा उरली आहे का?' मी धर्मगुरू नाही, ईशज्ञान शिकलेलो नाही. बायकोला पक्षाघात झाल्यावर सहा वर्षं तिचं सगळं केलं, बोलण्याचा अधिकार काय तो तेवढाच.

आधी मिस्सेचं उरकतो, कारण ते सोपं आहे. तुम्ही पाप करत नाही आहात. रविवारची मिस्सा बंधनकारक आहे, पण गंभीर कारण असेल तर ते बंधन राहत नाही, हे चर्चच्याच शिकवणीत आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात, परिच्छेद २१८१ मध्ये, आजारपण आणि तान्ह्या बाळाची देखभाल ही उदाहरणं नावानिशी दिली आहेत. आईला एकटं टाकून जाता येत नाही, हेही त्याच जातीचं कारण. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेण्याआधी तासभर काही खायचं नाही, हा नियम तर सगळ्यांनाच माहीत असतो. पण चर्चच्या कायद्यात, १९८३ च्या कॅनन लॉमधल्या ९१९ व्या कलमात, त्या तासाची सूट वृद्धांना आणि आजाऱ्यांना आहे, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं आणि घसाही दाटला. तो नियम लिहिताना कुणाला तरी उशाशी बसलेलं माणूस आठवलं होतं तर!

मात्र एक करा. तुमच्या फादरांना फोन करून सांगा की आईला आणि मला घरी ख्रिस्तप्रसाद हवा आहे. त्यांना आपोआप कळेल अशी वाट बघू नका. मी आठ महिने वाट बघितली, मनात रुसून बसलो, 'कुणाला आमची पडलेली नाही' म्हणत राहिलो. शेवटी बोललो तेव्हा कळलं, आमच्या घरी काय चाललंय हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

त्याच फोनवर रुग्णाभ्यंगाचंही, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराचंही, विचारा. माझ्या बायकोने तेलाचं नाव काढताच तोंड फिरवलं होतं. तिच्या लहानपणी तेल लावायला फादर आले म्हणजे माणूस चालला, असाच अर्थ होता. ही समजूत जुन्या पिढीत अजून घट्ट आहे. खरं तर १९६३ मध्येच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, स्पष्ट म्हटलं की हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेचा नाही. आजार बळावला तर तो पुन्हाही घेता येतो. तिला हे समजावायला दोन आठवडे लागले. तुमच्या आईलाही घाई करू नका.

आता प्रार्थनेचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मी सगळ्यात जास्त चुका इथेच केल्या.

पहिली दोन वर्षं मी आधीची प्रार्थना तशीच चालवायचा हट्ट धरला. पाच दशकांची (दहा-दहा मण्यांच्या पाच भागांची) रोजरी, सकाळचं वाचन, झोपण्याआधी गुडघे टेकणं. रोज काहीतरी राहायचं, आणि राहिलेल्याचं ओझं दुसऱ्या दिवसावर चढायचं. प्रार्थना म्हणजे थकलेला हप्ता झाला होता. मग एका रात्री अडीचला चादर बदलावी लागली. त्या रात्रीची ती तिसरी वेळ. तिला कुशीवर वळवताना तिचा लुळा हात अंगाखाली अडकला आणि मी तो रागाने ओढला. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. चादर बदलली, दिवा मालवला, आणि सकाळपर्यंत छताकडे बघत पडलो.

चार दिवसांनी कन्फेशनला गेलो. मला वाटलं, आता भलंमोठं प्रायश्चित्त मिळणार. फादर म्हणाले, "उद्यापासून सकाळचं औषध देताना तिच्या कपाळावर क्रूसाची खूण करा. एवढंच." मला ते फारच स्वस्त वाटलं, खोटं कशाला बोलू. पहिल्या दिवशी औषधाची वाटी एका हातात धरून कसंबसं केलं. आठवड्याभराने तिने चांगला असलेला डावा हात उचलला आणि माझ्या कपाळावर काहीतरी रेघोट्या ओढल्या. आडवी रेघ आधी, उभी नंतर, पार उलटसुलट. त्यानंतर पुढची चार वर्षं आमच्या घरची सकाळची प्रार्थना ती तेवढीच होती.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं आहे की प्रार्थना वेगळी काढू नका, कामाला चिकटवा. डायपर बदलताना 'हे आमच्या स्वर्गातील बापा', औषधं मोजताना एक 'नमो मरिया'. पाच दशकं झेपत नसतील तर एकच म्हणा. झोप लागली तर लागू द्या. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कॉन्व्हेंटमधली संत तेरेजा प्रार्थनेत चक्क झोपायची. तिचं म्हणणं असं की लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापांना सारखंच आवडतं. चोविसाव्या वर्षी, १८९७ मध्ये, क्षयाने ती गेली. शेवटचे जवळजवळ अठरा महिने स्वर्ग आहे की नाही याचाच तिच्या मनात अंधार होता. म्हणजे तुम्हाला जे वाटतंय ते तिलाही वाटलं, आणि चर्चने तिला संत तर केलंच, १९९७ मध्ये चर्चच्या आचार्यांतही, म्हणजे ज्यांची शिकवण खास मोलाची मानतात अशा संतांतही, बसवलं. धुणं धुताना समोरची सिस्टर तिच्या तोंडावर मळकं पाणी उडवायची. हिला मागे सरून तोंड पुसावंसं वाटायचं, आणि ही तशीच उभी राहायची. मला तिच्या सगळ्या गोष्टींत हीच सर्वात खरी वाटते, कारण आपलीही रोजची धर्मपरीक्षा मळक्या पाण्याएवढीच असते.

राग येतो, असं तुम्ही चाचरत लिहिलंय. देवावर रागावणं म्हणजे श्रद्धा संपणं नव्हे. ८८ वं स्तोत्र काढा. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळतच नाही, काळोखातच संपतं. तरीही ते बायबलमध्ये आहे आणि चर्च ते रात्रीच्या प्रार्थनेत म्हणते. ज्याच्यावर विश्वासच नाही त्याच्याशी कोण भांडतं? मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.' एका दमात दोन्ही. येशूने त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं सांगितलं नाही, पोराला बरं केलं.

परीक्षेचं बोलणाऱ्यांबद्दल थोडं. 'दुःख देवाला अर्पण करा' हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं तर ते क्रूर असू शकतं, आणि तसं तुम्हाला वाटलं तर त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. मलाही एकाने श्रद्धा कमी पडली म्हणून ती बरी होत नाही, असं सुनावलं होतं. मी त्यांना चहा दिला आणि नंतर परत बोलावलं नाही. स्वतःहून, एखाद्या दुपारी, 'प्रभू, आजचा हा कंटाळा तुझ्या क्रूसाजवळ ठेवतो' असं म्हणता आलं तर म्हणा. नाही आलं तर राहू द्या. अटकेच्या रात्री गेथशेमनीच्या बागेत येशूने आधी 'हा प्याला टळू दे' असंच मागितलं होतं. बरा डॉक्टर शोधणं, नर्स ठेवणं, स्वतःला झोप येत नसेल तर स्वतःसाठी डॉक्टरकडे जाणं, यातलं काहीच विश्वासाच्या विरुद्ध नाही.

आणि मोठे निर्णय सध्या नकोत. नोकरी सोडू का, चर्चच सोडू का, असं तुम्ही एका ओळीत दोन्ही लिहिलंय. जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे संत इग्नेशियस १५२१ मध्ये तोफगोळ्याने पाय मोडून महिनोन्‌महिने खाटेवर पडले होते, त्यामुळे अंथरुण काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा नियम आहे की मन उजाड झालेलं असताना आधी घेतलेला निश्चय बदलायचा नाही. उजेड आला की मग विचार करा. नोकरीचा प्रश्न पैशांचा असेल तर तो वेगळा, तो भावंडांना बसवून कागदावर सोडवा.

भावंडांवरून आठवलं. क्रूसाच्या वाटेतलं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीच्या प्रसंगांतलं, पाचवं स्थान बघा. कुरेनेकर शिमोन स्वखुशीने आलेला नव्हता, शेतावरून येता येता शिपायांनी पकडून त्याच्याकडून येशूचा क्रूस वाहून घेतला. आणि येशूने तो वाहू दिला. मी सगळं एकट्याने करण्यात भक्ती आहे असं समजत होतो. निम्मा त्यात गर्व होता. 'काही लागलं तर सांगा' म्हणणारे सगळ्यांकडे असतात, आणि आपण 'हो हो' म्हणून सोडून देतो. त्यांना नेमकं काम सांगा. 'गुरुवारी चार ते सहा तुम्ही आईजवळ बसा.' बहुतेक जण येतात. काही येत नाहीत, त्यांच्यावर डूख धरू नका, पुढच्याला विचारा.

आणि पहिल्या गुरुवारी कुणी येऊन बसलं की लगेच चर्चकडे धावू नका. दार लावून घ्या आणि दोन तास झोपा.