आतल्या ओकच्या दारांना कोणतं फिनिश चांगलं: पीयू, मेलामाइन की तेल?

तिन्ही चालतात. पीयू (पॉलियुरेथेन) आणि मेलामाइन लाकडावर कडक थर धरतात, तेल लाकडात मुरतं. पण आधी पॉलिशवाल्याकडून एक गोष्ट कबूल करून घ्या: दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही दर्शनी बाजूइतकेच हात मारायचे.

आमचं घर साताऱ्यात, यवतेश्वराच्या पायथ्याला. जुलैत डोंगरावरून धुकं उतरलं की दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. घराचं काम आमच्या दाजींनी केलं, त्यांचा इंटिरिअरचाच धंदा आहे. दारं भरीव सागवानाची, वर चकचकीत पीयू. बिजागऱ्या ठोकायच्या आधी मी म्हटलं होतं, खालून-वरून सीलर, म्हणजे ओल आत शिरू न देणारा हात, मारून घ्या. दाजी म्हणाले, "खालची कड कोण वाकून बघतंय?"

पहिल्याच पावसाळ्यात झोपायच्या खोलीचं दार चौकटीला घासायला लागलं. दाजींनी सुतार धाडला, त्याने रंधा मारून कड उतरवली. उन्हाळ्यात लाकूड आकसलं आणि त्याच दाराला पलीकडचा उजेड दिसेल एवढी फट पडली. पुढच्या पावसाळ्यात खाली वीतभर उंचीपर्यंत पीयूच्या थराखाली पांढरट डाग आले. मी फरशीवरून छोटा आरसा आत सरकवला. उभ्या पट्ट्यांची टोकं कोरी, करडी पडलेली, त्यावर बुरशीचे काळे ठिपके. लाकूड टोकाकडून सगळ्यात जास्त ओल ओढतं आणि फुगतं ते रुंदीत, उंचीत जवळपास नाहीच. उन्हाळ्यात दारं उतरवून मी स्वतः कडा घासल्या, सीलर पाजला. तेव्हापासून एकही दार घासलेलं नाही. दाजी अजून हवेला दोष देतात. साताऱ्याची हवा काय काल बदलली?

म्हणून पावसाळ्यात अडकलेल्या दाराला कुणालाही रंधा लावू देऊ नका.

आता तुमचं. ओकची छिद्रं मोठी असतात, ती बुजवून वर आरशासारखी चमक आणणं म्हणजे चांगल्या लाकडाचा खून. मॅट पीयू घ्या, छिद्रं उघडी ठेवा. फिकट रंग टिकवायचा असेल तर पाण्यावरचं पीयू. तेलाने ओक पिवळसर, मधाच्या रंगाचा होतो. मेलामाइन स्वस्त आणि कडक, पण वासाने डोळे चुरचुरतात आणि पुढे ते पिवळं पडतं. न्हाणीघराच्या दाराला पीयूच. बाकी खोल्यांना मी तेल आणि मेण देईन, कारण ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी घरच्या घरी पुसून घेता येतो. पीयू सोललं तर अख्खं दार घासावं लागतं.

ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. ओल आणि लोखंड एकत्र आलं की काळा डाग पडतो. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे वापरा, घासायला लोखंडी काथ्या नको.

हे सगळं भरीव दाराचं झालं. तुमची दारं फ्लश डोअरवर (प्लायच्या सपाट दारावर) ओकचं व्हेनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चिकटवलेली असतील तर ती फुगायची भीती कमी, पण मशीनने घासू नका, व्हेनिअर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, लगेच खालचं प्लाय दिसतं. आणि जवसाचं तेल वापरलंत तर तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप पेटू शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.