'लाइन' या इंग्रजी शब्दाचे अर्थ किती, आणि 'लाइन गेली' म्हणणे चूक आहे का?

रेघ, रांग, कवितेची ओळ, फोनची जोडणी, धंद्याचे क्षेत्र हे अर्थ कोणत्याही शब्दकोशात सापडतात, त्यामुळे ते मी उगाळत बसत नाही. वीज गेल्यावर खेड्यातील लोक 'लाइन गेली' म्हणतात ते अडाणी इंग्रजी नव्हे का, असे तुम्ही प्रश्नाच्या शेवटी विचारले आहे. ते अडाणी मुळीच नाही.

माझे वडील रावेर तालुक्यात लाइनमन होते आणि थोरले काका भुसावळ विभागात स्टेशन मास्तर. 'लाइन क्लियर' हे शब्द दोघांच्याही तोंडी रोज असत, पण अर्थ जवळजवळ उलटे. वैशाखातल्या वादळाने केळीच्या बागा आडव्या झाल्या आणि तारा तुटल्या की वडील खांबावर चढण्याआधी सबस्टेशनकडून लाइन क्लियर घेत. म्हणजे त्या 11 केव्ही फीडरचा, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या वाहिनीचा, पुरवठा बंद केला आहे आणि काम संपल्याचे कळवेपर्यंत तो कोणीही चालू करणार नाही, अशी हमी. परमिटचा तो कागद, त्यावर पेनाने घातलेल्या वेळेसह, शर्टाच्या खिशात ठेवल्यावरही तारांना अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे त्या जमिनीशी जोडल्याशिवाय, ते हात लावत नसत. काकांच्या लाइन क्लियरची व्याख्या भारतीय रेल्वेच्या 1976 च्या सामान्य नियमांत आहे: मागच्या ब्लॉक स्टेशनवरून गाडी सुटून आपल्याकडे यावी, यासाठी पुढच्या स्टेशनने दिलेली परवानगी. एकाच्या लाइनवरून काहीही यायचे नसते, तर दुसऱ्याच्या लाइनवरून गाडी यायची असते, आणि दोन्हीकडे अर्थाचा घोळ झाला तर माणसे मरतात. असा शब्द रोज अचूक वापरणाऱ्यांना अडाणी कसे म्हणायचे?

तरीही एका लग्नात, वरण-बट्टीच्या पंगतीत, इंग्रजी शिकवणारे माझे धाकटे मामा सर्वांदेखत वडिलांना म्हणाले, "दाजी, लाइन म्हणजे रेघ. रेघ कशी जाईल? पॉवर म्हणत जा." वडील मान खाली घालून जेवत राहिले. पाहुण्यांसमोर मेव्हण्याशी वाद घालणे त्यांच्या स्वभावात नव्हते, आणि मी तेव्हा शाळकरी होतो.

मामांचे म्हणणे भाषेच्या दृष्टीनेही टिकत नाही. 'लाइन'चे मूळ लॅटिनमधील 'लिनेआ', म्हणजे जवसाच्या तंतूंचा दोरा, आणि ते आले 'लिनम' म्हणजे जवस या शब्दावरून. जुन्या इंग्रजीतही या शब्दाचा अर्थ दोर असा होता. कपडे वाळत घालण्याची दोरी आणि मासे धरण्याच्या गळाची दोरी यांना इंग्रजीत अजूनही लाइनच म्हणतात, आणि कोटाच्या अस्तराचे 'लायनिंग' हे नावही याच जवसाच्या कापडावरून पडले. दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारेला लाइन म्हणणारा माणूस या मूळ अर्थाच्या अगदी जवळ आहे. राहिला प्रश्न तारेऐवजी तिच्यातून येणारी वीज 'जाण्याचा'. आपण सगळेच, मामांसह, 'नळ आला' आणि 'नळ गेला' म्हणतो. तेव्हा नळ जागचा हलत नाही, पाणी येते-जाते. आमच्या खान्देशातल्या अहिराणी बोलीतला "लाईन उनी का?" (लाइन आली का?) हा प्रश्न त्याच वळणाचा आहे, आणि तो बोलीत पूर्णपणे शुद्ध आहे.

एवढे मात्र सांभाळा. इंग्रजीत लिहिताना 'लाइन गेली'चे शब्दशः भाषांतर करू नका. तेथे पॉवर कट किंवा पॉवर फेल्युअर असेच लिहा. रांगेला अमेरिकेत लाइन म्हणतात, ब्रिटनमध्ये क्यू, आणि आपल्या शाळांत ब्रिटिश वळण चालते. 'लाइन मारणे' हा प्रयोग आपला आहे, तो इंग्रजीत नेऊ नका. ही पथ्ये इंग्रजी लिहिणाऱ्यासाठी आहेत. मराठीत किंवा अहिराणीत बोलणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत टोकण्याचा अधिकार त्यांतून कोणालाही मिळत नाही, मग तो इंग्रजीचा कितीही मोठा जाणकार असो.