कडवं तुझं, कोरस त्यांचा

प्रिय मित्रा,

ऊसतोडीवरचं तुझं रॅप गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. कडवी जबरदस्त आहेत, आणि तुला बरं वाटावं म्हणून मी हे म्हणत नाही. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून धरलेला एक कोयता, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी आई. हे बीड जिल्ह्यातल्या, पाटोद्याकडच्या पोरानंच लिहावं असं लिहिलंयस.

मग कोरस येतो आणि तू म्हणतोस, आपला नाद करायचा नाय, आपण मराठवाड्याचे वाघ. ते ऐकून खरंच वाईट वाटलं. कडव्यात जो मुलगा डोळ्यांपुढे उभा होता, तो कोरसमध्ये दिसेनासा झाला. ही ओळ कोणत्याही जिल्ह्यातल्या कोणत्याही पोराच्या गाण्यात चालेल. जी ओळ कुठंही चालते ती तुझ्या गाण्यात कशाला हवी?

माझं म्हणणं एवढंच आहे, की कडव्यात तू बोल आणि कोरसमध्ये दुसऱ्याला बोलू दे. ऐकणाऱ्याला कडवं पाठ होत नाही. तो कोरस म्हणतो, आणि म्हणायचा असेल तर त्याला तो स्वतःच्या तोंडात बसवता आला पाहिजे. ‘मी वाघ’ हे त्यानं तुझ्यासाठी कशाला म्हणावं?

तुझा कोरस तू आधीच लिहून ठेवलायस. दुसऱ्या कडव्यात आजीकडं राहिलेली धाकटी बहीण फोनवर आईला विचारते, ‘कव्हा येशील?’ तू तिथून अर्ध्या ओळीत पुढं निघून गेलास. तिथं थांब. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघाल्या की उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावात हाच प्रश्न असतो. आता बघ, तोच प्रश्न तिन्ही कडव्यांनंतर ठेवला तर काय होतं. पहिल्या कडव्यात मुकादम दारात उभा आहे, गाडी लागली आहे, तो तुझ्या बापाला विचारतो. दुसऱ्यात बहीण आईला विचारते. तिसऱ्यात तू पुण्यात कामाला आहेस आणि आजी तुला विचारते. शब्द एकही बदलायचा नाही. ‘येशील’ पुरुषालाही चालतं, बाईलाही चालतं, त्यामुळं व्याकरणही आडवं येत नाही. कडवं बदललं की त्याच ओळीचं वजन बदलतं. एकदा ती धमकी असते, एकदा रडू असतं, एकदा नुसती वाट पाहणं असतं.

दुसऱ्याच्या तोंडून बोलणं आपल्या मातीला नवं नाही. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथ महाराजांनी भारुडं लिहिली ती गोंधळी, वासुदेव, जोशी, महार यांच्या तोंडून. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कनं पार्टीत रेकॉर्ड वाजवून हिपहॉपची सुरुवात केली असं मानतात, ती गोष्ट तुला पाठ आहे. पैठणचीही पाठ कर. अभंगाच्या पुस्तकात ओळीपुढं ‘धृ’ लिहिलेलं असतं, ती ओळ प्रत्येक कडव्यानंतर सगळे टाळकरी मिळून परत घेतात. तुझ्या कोरसनं नेमकं तेच काम करायचं आहे.

आता आवाजाचं बोलू, कारण इथं तू घाई करतोस. ‘कव्हा येशील’ म्हटलं की शेवट ‘ल’वर होतो, जीभ वर टेकते, सूर अडतो. ‘येशील कव्हा’ म्हण. शेवटी मोकळा ‘आ’ येतो, तो ताणता येतो, हजार माणसांना एकत्र ताणता येतो. मराठीत शब्द मागंपुढं केले तरी वाक्य उभं राहतं, ही सोय सोडू नकोस. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढं उभं राहून बघ: बेसमध्ये व्यंजनं बुडतात, आ, ए, ओ तेवढे कानापर्यंत पोचतात. कोरस त्या गोंगाटात जगला पाहिजे.

तुझा बीट 90 बीपीएमचा आहे, मिनिटाला 90 ठोके. म्हणजे चार ठोक्यांचा एक बार पावणेतीन सेकंदांच्या आत संपतो, आठ बारचा कोरस साधारण एकवीस सेकंदांत. तू त्यात इतके शब्द कोंबलेस की श्वास घ्यायला जागा नाही. पहिल्या ठोक्यावर ‘ये’, दुसऱ्यावर ‘शील’, तिसऱ्याच्या जरा आधी ‘क’, बरोबर तिसऱ्यावर ‘व्हा’, आणि चौथा मोकळा सोड. एका बारमध्ये प्रसंग, पुढच्या बारमध्ये प्रश्न. नमुन्यादाखल:

कडब्याची वळई सरली,
येशील कव्हा?
शाळंची घंटा झाली,
येशील कव्हा?

ह्या ओळी वापरू नकोस, त्या माझ्या आहेत. तुझ्या घरात काय सरलं ते तूच लिही. पहिला बार तू एकट्यानं म्हण आणि प्रश्न मित्रांकडून म्हणवून घे. पोवाड्यात, गोंधळात मुख्य गाणाऱ्यामागं सूर धरणारे झीलकरी उभे असतात, तसे तीन-चार जण माइकपुढं उभे कर. एकाचाच आवाज कॉपी करून चार ट्रॅक लावलेस तर कळतं. गळे वेगळे हवेत, त्यात एक बाईचा असला तर फारच चांगलं.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. कडव्यात तू ‘मी पाहतो आहे’, ‘मी निघतो आहे’ असं लिहिलंस. घरी तू असं बोलत नाहीस. घरी तू ‘बघायलो’, ‘निघायलो’, ‘करायलो’ म्हणतोस. शेवटी ‘ओ’, मागं तोच ‘यलो’, आयतं यमक! पुण्यातल्या स्टुडिओत कुणी हसलं तर हसू दे. बाहेरून आणलेली ऐट मात्र कानाला लगेच खटकते.

मिक्सिंगचं इतक्यात बघू नकोस. आधी बीट बंद कर आणि टाळीवर कोरस बहिणीला म्हणून दाखव. तिला शिकवू नकोस, फक्त ऐकव. दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन प्रश्न धरला, तर रेकॉर्डिंगला बस. नाही धरला, तर प्रसंगाच्या ओळी बदल, प्रश्न तसाच ठेव. आणि तिसरं कडवं आजीशी फोनवर बोलल्याशिवाय लिहू नकोस. ती ‘येशील कव्हा’च्या आधी काय म्हणते ते नीट ऐक, आणि जमलं की टाळीवरचंच रेकॉर्डिंग मला पाठव.

तुझा,
दादा