नवेगावसाठी कोणती दुर्बीण?

प्रश्न : आम्ही नागपूरचे चार निवृत्त मित्र डिसेंबरमध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यानात पक्षी पाहायला जाणार आहोत. दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×५०?

उत्तर : ८×४२ घ्यावी. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये; दहापट दुर्बिणीत हाताचा कंपही तितकाच वाढतो व दृश्यक्षेत्र सहसा अरुंद होते, त्यामुळे पानांत मिसळून गेलेला हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, नजरेत येईपर्यंत उडालेला असतो. (त्याच्यामागे भटकण्यापेक्षा फळांनी लगडलेल्या वडाखाली सकाळी स्वस्थ उभे राहावे.) तलावावरील दूरच्या बदकांसाठी मात्र दहापट बरी. हे उद्यान २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात असल्याने पायी कोठे फिरता येईल, हे वनविभागाला आधी विचारावे.