सोलापुरात छोट्या आर्ट गॅलरीत हेवी मेटल संगीताचा लाइव्ह कार्यक्रम करता येईल का? लोकांना झेपेल का?

करता येतो. आम्ही केलाय. पण "झेपेल का" हे मी एका माणसाच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतोय, की आधी त्यावरच बोलतो.

मी पूर्व भागातला. आमच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना होता, रात्रपाळीसकट. पाळणा हलला नसेल इतका धोटा खटखटलाय माझ्या कानाशी. आणि मेटलची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात त्या ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी कोण होता? बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला कामगार. मशीनमध्ये दोन बोटांची टोकं गेली, म्हणून त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून खालच्या सुरात वाजवू लागला. 1970 साली त्यांचा पहिला अल्बम आला. असलं संगीत मागांच्या गावाला झेपणार नाही म्हणे!

आमची गॅलरी म्हणजे फ्रेमवाल्याच्या दुकानावरची वीस बाय पंचवीसची खोली. भिंतीवर एका सरांची जलरंगातली चित्रं. मी म्हटलं, उतरवून ठेवू. आमचा गिटारवाला म्हणाला, "राहू दे बे, माहौल येतो." शिवाय पठ्ठ्याने मिरवणुकीत लावतात तसले दोन बेस भाड्याने आणले. चाळीस माणसांसाठी!

दुसऱ्या गाण्यात माझा मोठा ड्रम पुढे चालू लागला. खाली सोलापुरी चादर टाकली होती, पण शहाबादी फरशीवर ड्रम, चादर, सगळंच सरकत होतं. शेवटी खालून वीट आणून पुढ्यात ठेवली. (चादर नको, जाड सतरंजी घ्या, आणि स्टूल त्याच सतरंजीवर ठेवा म्हणजे तुमच्याच वजनाने ती दबून राहते.)

तिसरं गाणं संथ. मी फक्त झांजेवर चार मोजत होतो, पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर नव्हता. समोरच्या भिंतीवरची एक फ्रेम खिळ्यावर डुलताना मला दिसत होती. गिटारची सगळ्यात खालची तार वाजली की डुलायची, थांबली की थांबायची. चौथ्या-पाचव्या वेळी खाली आली. सरांनी काही न बोलता काचा वेचल्या. आम्हाला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आमचा गिटारवाला मला म्हणतो, "तुझ्या ड्रमने पाडली. सोलापूरला हे झेपत नाही." अरे, सोलापूरचा काय संबंध? समोरच्या काकू शेवटपर्यंत जिन्यात बसल्या होत्या. त्यांची एकच शंका, "एवढं ओरडून त्या पोराचा घसा बसत नाही का?"

तर तुमच्यासाठी: छोट्या खोलीत ड्रमला माइक लावूच नका, तो तसाच खोली भरतो. स्पीकरमधून फक्त गायकाचा आवाज सोडा. बाकीच्यांनी आपले अँप (गिटारचा आवाज मोठा करणारे डबे) ड्रमच्या आवाजाला जुळवून घ्यायचे, उलट नाही. जो गिटारवाला "मला माझाच आवाज येत नाही" म्हणतो, त्याचा अँप खुर्चीवर ठेवून त्याच्या कानाकडे वळवा, आपोआप बटण खाली करतो. मिरवणुकीचा बेस पायरीसुद्धा चढता कामा नये.

हां, एक राहिलंच. भिंतीला चादरी टांगून शेजाऱ्यांची सोय होत नाही. खोलीतली झणझण कमी होते, बेस भिंतीतून जायचा तो जातोच. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 नंतर 45 आहे. नुसता ड्रमसुद्धा तिच्या कितीतरी वर जातो. त्यामुळे आजूबाजूच्या चार घरांत आधी जाऊन सांगा आणि साडेनऊला आवरा. कानात बोळे घाला. मी घातले नव्हते, दोन दिवस शिट्टी वाजत होती.

नव्या काचेचे 350 रुपये झाले, मी भरले. गिटारवाल्याचे 175 अजून यायचेत.